लॉगिन तुमचं, हुकूम भलत्याचाच

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड वस्तीचं गाव आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायची वेळ आली तेव्हा गाडी अडली. तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि त्या परवान्याचं पुस्तक, म्हणजे ‘टीपी बुक’, वनखात्याच्या ताब्यात. हक्क गावाचा, पण माल हलवण्याचा हुकूम खात्याचा. हा पेच सुटला २७ एप्रिल २०११ रोजी. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि त्यांनी गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती ते पुस्तक सोपवलं. पुढे २०१२ मध्ये वनहक्क कायद्याचे नियमच बदलले आणि गौण वनोपजाचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला.

एका छापील पुस्तकासाठी एवढा झगडा का, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. नाक्यावर उभं राहून पाहिलं की कळतं. ट्रक थांबतो. ड्रायव्हर ओळखीचा असतो, ठेकेदारही ओळखीचा असतो. पण नाकेदार तोंड बघून फाटक उघडत नाही. तो टीपी मागतो. तिच्यावर अनुक्रमांक असतो, मालाचा प्रकार आणि माप असतं, कुठून कुठे जाणार ते असतं, तारीख आणि सही असते. माणूस ओळखीचा असणं वेगळं आणि ही खेप रीतसर निघालेली असणं वेगळं, हे जंगलखात्याला इंग्रजांच्या काळापासून माहीत आहे. लाकडावर हातोड्याने (हॅमरने) ठोकलेल्या खात्याच्या खुणेची नक्कल करणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यात, कलम ६३ खाली, गुन्हा ठरवलं आहे ते उगाच नाही.

वेबसाइटी बांधणाऱ्यांना मात्र हा फरक बरीच वर्षं उमगला नव्हता.

आता परवानेही संगणकावर गेले आहेत. २९ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने लाकूड, बांबू आणि इतर वनोपजासाठी ‘राष्ट्रीय ट्रान्झिट पास प्रणाली’ देशभर सुरू केली. अर्ज ऑनलाइन, मंजुरी ऑनलाइन, आणि नाक्यावर तपासायला क्यूआर कोड. ताडोब्याच्या सफारीचं बुकिंग, तेंदूपानांचे ई-लिलाव, सातबारा, जातीचा दाखला, सगळंच आता कुठल्या ना कुठल्या बटणाने हलतं. म्हणून प्रश्न विचारायला हवा: ते बटण खरोखर त्या माणसानेच दाबलं, हे सर्व्हरला कसं कळतं?

पुष्कळदा कळत नाही. त्या न कळण्याचा फायदा उठवणाऱ्या हल्ल्याला ‘क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी’, थोडक्यात सीएसआरएफ म्हणतात. हे नाव २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स या अभ्यासकाने दिलं. जाणकार मंडळी त्याचा उच्चार ‘सी-सर्फ’ असा करतात.

हल्ला समजण्यासाठी एक काल्पनिक परवाना-साइट घेऊ. (खऱ्या सरकारी प्रणालीबद्दल इथे काही सुचवायचं नाही.) वनपरिक्षेत्र अधिकारी सकाळी तिच्यात लॉगिन करतात. पासवर्ड टाकला, ओटीपी टाकला, आत गेले. आता दर पानाला पुन्हा पासवर्ड मागायला नको, म्हणून सर्व्हर त्यांच्या ब्राउझरला एक कुकी देतो. कुकी म्हणजे ओळखीची चिठ्ठी. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीत काम करणाऱ्या लू मोंटुली यांनी ही सोय काढली. तिच्यामुळे वेबला स्मरणशक्ती आली. ती नसती तर लॉगिन केलेला माणूस पुढच्याच पानावर अनोळखी झाला असता. पण तिच्यात एक भोळेपणा राहून गेला. त्या साइटकडे कुठलीही विनंती निघाली की ब्राउझर चिठ्ठी आपण होऊन जोडतो. विनंती कोणत्या पानावरून निघाली, कोणी काढली, याची चौकशी त्या मूळ योजनेत नव्हती.

दुपारी साहेबांना एक लिंक येते. ‘बदल्यांची यादी आली’, असं काहीतरी. अशी लिंक न उघडणारा सरकारी कर्मचारी मला अजून भेटायचा आहे. परवान्याची साइट एका टॅबमध्ये उघडीच आहे, दुसऱ्या टॅबमध्ये ही यादी उघडते. पानावर यादी असेलही. पण त्याच पानात एक न दिसणारा फॉर्म दडवलेला आहे. त्यात अमुक अर्ज क्रमांक आणि ‘मंजूर’ असं आधीच भरलेलं, आणि तो पाठवायचा पत्ता परवाना-साइटचा. पान उघडताच दोन ओळींची स्क्रिप्ट तो फॉर्म पाठवून मोकळी होते. ब्राउझर पाहतो, पत्ता परवाना-साइटचा आहे, आपल्याकडे तिची कुकी आहे. जोडतो आणि धाडतो. सर्व्हर पाहतो, कुकी साहेबांची आहे, हुकूम मानतो. परवाना निघाला. साहेब अजून यादीत आपलं नाव शोधतायत.

इथे पासवर्ड चोरीला गेला नाही. ओटीपी कोणी विचारला नाही. संगणकात व्हायरस शिरला नाही. पत्त्याशेजारचं कुलूप आपल्या जागी होतं. पण ते वाटेत कोणी ऐकत नाही एवढंच सांगतं, पाठवणाऱ्याच्या मनात काय होतं ते सांगत नाही. सर्वांत वाईट म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत सगळं साहेबांच्याच नावावर पडतं: त्यांचं खातं, त्यांच्या कचेरीचा आयपी पत्ता, कामाची वेळ. उद्या चौकशी लागली तर ‘मी केलंच नाही’ हे त्यांनी कशाच्या आधाराने सांगायचं? पैशाच्या नुकसानीपेक्षा मला या हल्ल्याचा हा भाग जास्त भयंकर वाटतो. निरपराध माणसाविरुद्ध भक्कम पुरावा आपोआप तयार होतो.

चंद्रपुरात काहीही ऑनलाइन बिनसलं की ‘हॅक झालं’ म्हणायची पद्धत आहे. २०२३ मध्ये ताडोब्याच्या सफारी बुकिंगच्या रकमेत बारा कोटींहून जास्त अपहार झाल्याची तक्रार पोलिसांत गेली, तेव्हाही हा शब्द सहज तोंडी आला. पण तो आरोप बुकिंग पाहणाऱ्या संस्थेने पैसे न भरल्याचा होता. सीएसआरएफ ही वेगळी जात आहे. इथे हल्लेखोर घरात शिरतच नाही. तो बाहेर उभा राहून घरच्या माणसाच्या हाताने काम करून घेतो.

हे सगळं पुस्तकी नाही. २००६ मध्ये नेटफ्लिक्सवर हीच फट सापडली. तेव्हा ती कंपनी टपालाने डीव्हीडी पाठवायची. दुसऱ्या कुठल्या पानावरून ग्राहकाच्या यादीत सिनेमे घालता येत, इतकंच नव्हे तर घरपोच पाठवण्याचा पत्ताही बदलता येई. २००७ मध्ये जीमेलमध्ये तिच्या जोरावर वापरणाऱ्याच्या नकळत एक फिल्टर बसवता येत होता. मग त्याच्या टपालाची प्रत गुपचूप दुसरीकडे जात राहायची. २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विल्यम झेलर आणि एडवर्ड फेल्टन यांनी दाखवलं की आयएनजी डायरेक्ट या अमेरिकी बँकेत ग्राहकाच्या नावाने नवं खातं उघडून पैसे बाहेर वळते करता येतात. त्यांनी आधी कळवलं, बँकेने फट बुजवली, मग अहवाल बाहेर आला. त्याच वर्षी मेक्सिकोत शुभेच्छापत्राच्या मिषाने ईमेल फिरले. त्यांत दडवलेला चित्राचा पत्ता प्रत्यक्षात घरच्या राउटरला हुकूम देत होता: बँकेचं नाव टाइप केलं की या भलत्या ठिकाणी ने. राउटरला पासवर्डच नसला, किंवा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच असला, की असल्या हुकमांना रान मोकळं.

मेक्सिकोचा प्रकार एका जुन्या चुकीवर उभा होता. वेबवर विनंत्या मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ‘गेट’ म्हणजे दाखव, ‘पोस्ट’ म्हणजे हे घे आणि काम कर. नुसती लिंक किंवा चित्र ‘गेट’ पाठवतं, म्हणून ‘गेट’ने काहीही बदलता कामा नये, असा नियम आहे. आळशी प्रोग्रॅमर तो मोडतात आणि ‘अर्ज रद्द करा’ ही साधी लिंक करून टाकतात. २००५ मध्ये याची गंमत झाली, ज्यांची माहिती गेली त्यांच्यासाठी अर्थातच नाही. पानं लवकर उघडावीत म्हणून गूगलने ‘वेब अ‍ॅक्सिलरेटर’ नावाचं साधन काढलं होतं; ते पानावरच्या लिंका वापरणाऱ्याच्या आधीच उघडून ठेवायचं. काही साइटींवर त्याने ‘डिलीट’च्या लिंकाही इमानेइतबारे उघडल्या. तिथे हल्लेखोर कोणी नव्हताच.

नुसतं ‘पोस्ट’ वापरून मात्र भागत नाही. वरच्या उदाहरणातला लपवलेला फॉर्म ‘पोस्ट’च पाठवतो. खरा उपाय टीपीच्या पुस्तकासारखा आहे. सर्व्हर साहेबांना मंजुरीचा फॉर्म दाखवतो तेव्हाच त्या फॉर्मच्या पोटात एक लांब, कोणाला अंदाज येणार नाही असा आकडा घालून देतो आणि त्याची नोंद आपल्याकडे ठेवतो. याला टोकन म्हणतात. फॉर्म परत आला की सर्व्हर कुकी पाहतो आणि टोकनही पाहतो. टोकन नाही, किंवा जुळत नाही, तर विनंती परत. कुकी म्हणजे ओळखीचा ड्रायव्हर. टोकन म्हणजे त्या खेपेची टीपी.

पण हल्लेखोर ते टोकन वाचून आपल्या फॉर्ममध्ये का घालत नाही? इथे ब्राउझरचा एक जुना नियम मदतीला येतो. १९९५ मध्ये नेटस्केपनेच आणलेल्या या नियमानुसार एका साइटच्या पानावरची स्क्रिप्ट दुसऱ्या साइटचं पान वाचू शकत नाही. विनंती पाठवू शकते, उत्तर वाचू शकत नाही. सीएसआरएफचा हल्लेखोर आंधळा असतो. त्याला फक्त फेकता येतं. टोकन वाचल्याशिवाय मिळत नाही, म्हणून तो अडतो. सगळा बचाव या एका खिळ्यावर टांगलेला आहे.

म्हणूनच टोकन नुसतं कुकीत ठेवून उपयोग नाही, कारण कुकी ब्राउझर हल्लेखोराच्या विनंतीलाही जोडणारच. पत्त्यातही ते घालू नये. पत्ता हिस्टरीत उरतो, कधी दुसऱ्या साइटलाही कळतो. आणखी एक चूक वरवर दिसत नाही. काही ठिकाणी सर्व्हर ‘टोकन वैध आहे ना’ एवढंच पाहतो, ‘याच माणसाचं आहे ना’ हे पाहत नाही. मग हल्लेखोर स्वतःचं खातं उघडतो, स्वतःचं अस्सल टोकन घेतो आणि साहेबांच्या विनंतीला जोडतो. दुसऱ्याच्या खेपेची खरी टीपी दाखवून माल काढल्यासारखंच ते.

आजचे बहुतेक वेब-सांगाडे, म्हणजे साइट बांधायची तयार फ्रेमवर्कं, ही सोय तयार देतात. रेल्समध्ये ती २००७ पासून आहे, जँगोमध्ये २०१० च्या १.२ आवृत्तीपासून ती मुळातच चालू असते, आणि आपल्याकडे सरकारी कंत्राटांत बराच दिसणारा लारावेलही ती देतो. याचा परिणाम दिसला. वेबच्या दहा मोठ्या धोक्यांची यादी करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेने २००७, २०१० आणि २०१३ च्या यादीत सीएसआरएफला जागा दिली होती. २०१७ मध्ये त्याचं नाव काढलं. सांगाड्यांतच बचाव आल्याने हा दोष कमी सापडू लागला, हे कारण.

दुसरी भिंत ब्राउझरकडून आली. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोमची ८० वी आवृत्ती आली. तेव्हापासून ज्या कुकीवर साइटने काही वेगळं लिहिलेलं नाही, ती कुकी दुसऱ्या साइटवरून आलेल्या ‘पोस्ट’ विनंतीला जोडायची नाही, असं गूगलने ठरवलं. कुकीच्या या गुणधर्माला ‘सेमसाइट’ म्हणतात. मध्येच करोना आला. अत्यावश्यक साइटी मोडू नयेत म्हणून एप्रिलमध्ये हा बदल तात्पुरता मागे घेतला आणि उन्हाळा सरल्यावर पुन्हा लागू केला.

मग आता टोकन कशाला, असं विचारणारे प्रोग्रॅमर आहेत. त्यांनी आपल्याच देशातला एक अनुभव आठवावा. पैसे भरण्यासाठी ग्राहक बँकेच्या पानावर जातो आणि तिथून बऱ्याचदा ‘पोस्ट’नेच परत येतो. नव्या नियमाने परतताना कुकी जोडली जाईना, ग्राहक लॉगिनच्या पानावर फेकला जाई. हाताशी असलेला सोपा तोडगा म्हणजे कुकीवर ‘सेमसाइट नन’ लिहून टाकणं. अडचण संपली, भिंतही संपली. शिवाय लिंकवरून उघडणाऱ्या ‘गेट’ला हा नियम अडवत नाही, एकाच मूळ नावाखालच्या सगळ्या उपसाइटी त्याला एकाच घरच्या वाटतात, आणि सगळ्या ब्राउझरांनी तोच नियम मुळातच लागू केलेला नाही. नवे ब्राउझर विनंतीसोबत ती कोणत्या साइटवरून निघाली हेही कळवतात. सर्व्हरने तेही तपासावं. पण टोकन काढू नये. एक तपासणी चुकली तर दुसरी उभी असावी, एवढं साधं धोरण आहे.

भारतात बँकेच्या व्यवहाराला ओटीपी लागतो, त्यामुळे पैशाची सरळ चोरी या मार्गाने अवघड झाली आहे. पण मोबाइल क्रमांक बदलणं, ईमेल बदलणं, अर्ज मागे घेणं, यादीतून नाव वगळणं यांना अजून बऱ्याच ठिकाणी कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. आणि एकदा मोबाइल क्रमांक बदलला की पुढचा ओटीपी कोणाकडे जाईल, हे सांगायला नको.

आता गडचिरोलीचा खरा प्रश्न. भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याच्या सेवा केंद्रांत नेटवर्क रांगेतल्या माणसांच्या संयमावर चालतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. अशा ठिकाणी ऑपरेटर अर्ज उघडतो, कागद स्कॅन करतो, वीज जाते, नेट जातं, अर्जदार आधार कार्ड आणायला घरी जातो. दोन-तीन तासांनी ‘सबमिट’ दाबलं की पडद्यावर उमटतं: ‘४१९, पेज एक्स्पायर्ड’. भरलेलं सगळं गेलं. लारावेलमध्ये सत्राची, म्हणजे एका लॉगिनची, मुदत मुळात १२० मिनिटांची असते. सत्र संपलं की टोकन संपलं. साइट बांधणाऱ्या माणसाचं नेट कधी तुटत नाही, म्हणून त्याला हे दिसलेलंच नसतं.

मग तक्रारी वर जातात आणि कंत्राटदार सर्वांत सोपं काम करतो. त्या पानापुरती टोकनची तपासणी बंद. सांगाड्यात अपवादांची यादी असते, तिच्यात एक ओळ वाढवली की झालं. ऑपरेटर खूश, तक्रार बंद, आणि नाक्यावरचं फाटक कायमचं उघडं. बचाव न बसवल्यामुळे राहणाऱ्या फटींपेक्षा बसवलेला बचाव असा काढून टाकल्यामुळे राहणाऱ्या फटी मला जास्त संतापजनक वाटतात. कारण दोष नेटवर्कचा होता आणि शिक्षा सुरक्षेला झाली.

खरं तर हे नीट करता येतं. टोकन दर क्लिकला बदलायची गरज नाही. एका सत्राला एक पुरतं. दर क्लिकला बदललं तर दहा टॅब उघडून बसलेल्या ऑपरेटरचे नऊ टॅब बाद होतात. फॉर्म उघडा असताना पानाने अधूनमधून सर्व्हरला हाक मारून सत्र जिवंत ठेवावं. भरलेली माहिती मसुदा म्हणून साठत राहावी. टोकन जुळलं नाही तर कोरं पान तोंडावर मारण्याऐवजी तोच भरलेला फॉर्म नव्या टोकनसह परत दाखवून ‘पुन्हा एकदा दाबा’ म्हणावं, आणि हा संदेश मराठीत असावा. यात कुठलंही नवं संशोधन लागत नाही. ज्याच्यासाठी साइट बांधतोय तो कसल्या नेटवर काम करतो, एवढं आधी विचारावं लागतं.

एका गोष्टीपुढे मात्र टोकन हतबल आहे. साइटच्या स्वतःच्याच पानात कोणी आपली स्क्रिप्ट घुसवली, तर ती घरचीच ठरते आणि टोकन वाचू शकते. २००५ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमावर ‘सॅमी’ नावाच्या वर्मने हेच केलं आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांहून अधिक खात्यांत पसरला. अर्जदाराने ‘शेरा’ या रकान्यात काय लिहिलं आहे ते जसंच्या तसं पानावर ओतणाऱ्या साइटींनी आधी तो दोष दुरुस्त करावा.

वापरणाऱ्याच्या हातात थोडंच आहे, पण अगदी काहीच नाही असंही नाही. काम झालं की लॉगआउट करावं. टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे. कचेरीच्या मंजुरीचं काम एका ब्राउझरमध्ये आणि इतर सगळी लिंकबाजी दुसऱ्यात ठेवली, तर पहिल्यातली कुकी दुसऱ्याच्या हाती लागत नाही. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदलावा. यापलीकडची जबाबदारी साइट बांधणाऱ्याची आणि ती बांधून घेणाऱ्याची.

बांधून घेणाऱ्यांत आता ग्रामपंचायती, पतसंस्था, शाळा आणि वनोपज विकणाऱ्या ग्रामसभाही आल्या आहेत. त्यांना प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. काम ताब्यात घेताना कंत्राटदाराला समोर बसवावं आणि सांगावं: माहिती बदलणारा एक फॉर्म घे, त्यातलं टोकन काढून टाक आणि आमच्यासमोर पाठव. मग दुसऱ्याच खात्याचं टोकन घालून पाठव. दोन्ही वेळा सर्व्हरने नकार दिला पाहिजे. तपासणीतून वगळलेल्या पानांची यादीही लेखी मागावी, प्रत्येक पानापुढे कारणासह. याला अर्धा दिवसही लागत नाही, आणि हे झाल्याशिवाय शेवटचं बिल काढू नये.